कमरेच्या पिशवीतला फोन

हर्णे, मंगळवार संध्याकाळ

उद्या रत्नागिरीत, नोकरी संपल्यावर घेतलेल्या संज्ञापनाच्या अभ्यासक्रमाचा प्रकल्प द्यायचा होता. विषय, वादळाची सूचना मच्छीमारांपर्यंत पोचते का? घरोघरी विचारलं, "मेसेज मिळतो का?" सगळीकडे उत्तर एकच, मिळतो. मग मी लिहून मोकळा: मेसेज पुरतो, बंदरावरचा भोंगा बंद करायला हरकत नाही. बंदराचे अधिकारी असं कुणी लिहून देण्याचीच वाट बघतायत.

आज मासळीच्या लिलावात हमीदाभाभींशी बोलत होतो; 'मिळतो' म्हणणाऱ्यांतल्याच त्या. त्यांच्या कमरेच्या पिशवीत फोन वाजला. वादळाचा मेसेज. नवरा तर होडी घेऊन समुद्रात.

"नवऱ्याला कळवा ना!"

"कसा कळवू? फोन त्यांचाच तर हाय. खाऱ्या पाण्यान बिघडतो, म्हणून घरी ठेवून जातात. सगळेच."

"मग मिळतो म्हणालात ते?"

"मिळतो ना, मला! होडीवर कोणाला मिळतो, ता विचारलंत काय, भाऊ?"

हसल्या, पण नजर समुद्रावर. भोंगा वाजला, तेव्हा कुठे होड्या वळल्या.

तीस वर्षं बातमीदारी केली आणि हे सुचलं नाही? पुरुष समुद्रात असताना, भरदुपारी घरोघरी गेलो. कमरेचा तो फोन डोळ्यांपुढून हलत नाही. सरांना कळवलं, प्रकल्प उद्या देत नाही. भोंग्याचं वाक्य आधी खोडलं, मग जेवायला बसलो.