एकाहत्तर निळी कार्डं

वेस्ट हॅरोफिल्ड, मॅसॅच्युसेट्स
२७ जून २०१६

प्रिय डिली,

कंबर कशी आहे? वॉकर सोडून चार पावलं टाकलीस, असं तुझी लेक जून फोनवर कौतुकाने सांगत होती. शहाणपणा करू नकोस, वॉकर धर.

इकडे सगळं ठीक आहे. तुझा बोका माझ्याकडे राहून चांगला गुबगुबीत झालाय. पण सकाळ झाली की अजून तुझ्याच जुन्या घराच्या पायरीवर जाऊन बसतो. तिथल्या नव्या बाई त्याला दूध घालतात, म्हणजे आता तो दोन घरचा पाहुणा आणि तरी उपाशी नाही. परसातलं आंबट रुबार्ब यंदा उदंड आलं. चर्चच्या जेवणाला मी त्याचे सहा केक केले, सहाही आंबटढाण. "हेस्टर, साखर संपली होती का गं?" नॉर्बर्टने सगळ्यांदेखत विचारलं.

नॉर्बर्टला या वर्षी तू वाढदिवसाचं कार्ड पाठवलं नाहीस. दोन दिवस टपालपेटीपाशी घुटमळताना मी पाहिला त्याला. मेच्या ग्रामसभेत पेल्कीच्या जमिनीचा ठराव पडला तो नॉर्बर्टसारख्या आडमुठ्यांमुळे, असं तू मला लिहिलंस. मी त्याला दुजोरा दिला नाही, पण नाहीही म्हटलं नाही. वर केलेली मतांची निळी कार्डं मोजली तेव्हा मी मागे स्वयंपाकघरात बीन्स गरम करत होते, एवढंच लिहून मोकळी झाले.

बीन्स पावणेबारालाच गरम झाल्या होत्या, डिली. मतमोजणी झाली साडेबाराला.

मी शाळेच्या जिममध्ये, सभेतच होते, तिसऱ्या रांगेत. त्या रांगेत दर वर्षी आम्ही बादलीवाले बसतो, तुला ठाऊक आहे. तुझी खुर्ची तेवढी रिकामी होती. एप्रिलच्या पावसात बेडूक रान सोडून तळ्याकडे निघाले, की माझा रसेल, तू आणि मी त्यांना बादल्यांत भरून रस्ता पार करून द्यायचो. सव्वीस वर्षं. रसेल गेला त्या वर्षीसुद्धा तू माझ्या दारात बादली घेऊन उभी होतीस.

ठराव वाचला गेला. पेल्कीची तीस एकर जमीन मोठ्या घरांच्या विभागातून काढून म्हाताऱ्यांच्या घरांसाठी द्यायची. एकेचाळीस बैठी घरं, कुठेही जिना नाही, आणि वीस एकर रान कायमचं राखीव. त्यातलं कोपऱ्यातलं, चर्चसमोरचं घर तू नकाशावर पेन्सिलीने गोल करून ठेवलं होतंस. "माझं कार्ड तुझ्यासाठी वर जाणार," हे मी तुला तोंडाने सांगितलं होतं आणि लिहूनही दिलं होतं.

मग नेहमीची सुरुवात झाली. कोणी विहिरींचं पाणी आटेल म्हणालं, कोणी रात्रंदिवस रुग्णवाहिका धावतील म्हणालं. "म्हाताऱ्यांना घरं हवीतच हो, पण तिथेच कशाला?" हे तर पाच जणांनी म्हटलं, आणि पाचही जण सत्तरीचे. शेवटी पडद्यावर नकाशा लावला. नवा रस्ता तळ्याच्या आणि रानाच्या मधून जात होता. आमच्या रांगेतून एकच हुंकार उठला. पेल्की चिडून म्हणाला, "अहो, मग त्या बेडकांनाच एकदा मतदार यादीत घाला!"

सगळे हसले आणि माझ्याकडे वळून पाहू लागले. गावात मी बेडूकबाई ना. विरोधातली कार्डं मागितली, आमची अख्खी रांग वर झाली, आणि माझाही हात वर गेला. तत्त्वासाठी गेला असता तर मी तुला त्याच दिवशी लिहिलं असतं. शेजारचे काय म्हणतील म्हणून गेला तो.

बाजूने एकशे एक्केचाळीस, विरोधात एकाहत्तर. लागणाऱ्या दोन-तृतीयांशाला एक मत कमी. एकच, डिली. माझं कार्ड त्या बाजूला असतं तर ठराव पास होता.

आणि ऐक, नॉर्बर्टने बाजूने मत दिलं. दर वर्षी झाडूच्या खरेदीलासुद्धा विरोध करणारा माणूस. मोजणी झाल्यावर कार्ड खिशात घालत मला म्हणाला, "डिलीसाठी दिलं. तिला सांगू नकोस, डोक्यावर बसेल." बोलताना तो माझ्या रांगेकडे पाहत होता. त्याला कार्ड पाठव.

पडलेला ठराव दोन वर्षं परत आणता येत नाही. तू शहाऐंशीची आहेस. मी हा हिशेब रोज करते, तो बदलत नाही.

आता राहिलेलं सांगते. पेल्कीने वाट पाहिली नाही. जुन्या नियमाने त्या जमिनीवर दोन-दोन एकरांत एकेक मोठं घर बांधायला कोणाचं मत लागत नाही. गेल्या सोमवारपासून करवती चालू आहेत. तळ्याला हात लावायची बंदी आहे म्हणून तळं आणि काठची चार झाडं ठेवलीत. रान गेलं. बेडूक तळ्यात अंडी घालायला येतात, पण राहतात रानात, हे या गावात माझ्याहून जास्त कोणाला माहीत होतं? तेलही गेलं आणि तूपही गेलं, आणि दोन्ही माझ्याच हाताने. बादल्या मी चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात देऊन टाकल्या.

माफी मागत नाही. तू दिलीस तर ती मी कुठे ठेवू?

परवा जूनने विचारलं, आईची स्वयंपाकाची खोकी अजून चिकटपट्टी लावून तशीच पडलीत, उघडूच देत नाही, आपल्याला परत गावीच जायचंय म्हणते, काय करू? मी म्हटलं, आईलाच विचार. तेही मी तिच्यावर ढकललं.

डिली, जूनला खोकी उघडू दे. तुझी निळी किटली वरच्याच खोक्यात आहे, मीच भरली होती.

एकाहत्तरांतली एक,
हेस्टर