मामांचा आवाज

९ नोव्हेंबर

आज भर रेकॉर्डच्या दुकानात मामांची शोभा केली. मी. सख्ख्या भाच्यानं!

मामांची जुनी रेकॉर्ड मी पुन्हा काढल्याचा कार्यक्रम होता. मामांच्या तरुणपणची ही सायकेडेलिक, धुंदी आणणारी लोकगीतं, कुठेच मिळत नव्हती. मला भंगारात एक प्रत सापडली, लेबल सोललेली. तिच्यावरून मी नवी व्हिनाइल रेकॉर्ड काढली. दुकानदारानं सुई टेकवली आणि तो खोल, संथ, गुहेतून आल्यासारखा आवाज सुरू झाला. जमिनीवर बसलेली तरुण पोरं डोळे मिटून डोलायला लागली. तेवढ्यात मामा मोठ्यानं म्हणाले, "हा मी नाही."

मी माइक ओढून घेतला. "मामा हल्ली नाश्ता केला हेही विसरतात, हे तर तरुणपणचं गाणं!" हशा पिकला. मामाही हसले — सगळे हसतायत म्हणून.

परतताना गाडीत कव्हर मांडीवर धरून बसले होते. त्यावर त्यांचाच फोटो, हातात मेंडोलिन. "हा मी," म्हणाले. "पण गाणारा मी नाही." मी रेडिओ लावला.

१० नोव्हेंबर

फोन करायला हवा होता. केला नाही. कुठल्या तोंडानं करणार!

१२ नोव्हेंबर

गेलो एकदाचा. मामीनं दार उघडलं, हाताला साबणाचा फेस. "या, माइकवाले!" म्हणजे बातमी पोहोचली होती. मामा झोपले होते. बरंच झालं असं वाटलं, आणि मग तसं वाटल्याचीही लाज वाटली.

"मला कधी ऐकवणार?" मामीनं विचारलं. कार्यक्रमाला तिलाही बोलवावं, हे कुणाला सुचलंच नव्हतं. मलाही नाही.

"तुमच्याकडे प्लेअर कुठाय, मामी?"

"तुझ्याकडे आहे ना?"

"आणतो कधीतरी," म्हणालो आणि चहा न घेताच सटकलो.

१४ नोव्हेंबर

कव्हरवरच्या लेखासाठी मामांची मुलाखत घेतली होती. तिचं रेकॉर्डिंग आज काढलं. 'मी गायलो' असं ते एकदा जरी म्हणाले असते, तर माझी बाजू थोडी तरी सावरली असती. एकदाही म्हणालेले नाहीत! सगळी मुलाखत मेंडोलिनवर. गाण्याचं विचारलं की नुसतं "हं".

मग लांबून मामी — "अरे, ती गाणी ना —"

लगेच मी — "मामी, प्लीज! रेकॉर्डिंग चालू आहे. नंतर बोल."

थोड्या वेळानं पुन्हा ती — "मी काय म्हणते —"

"मामी!!"

केवढा खेकसलोय. त्यानंतर तिचा आवाज नाही. नळ बंद केल्याचा तेवढा येतो.

नंतर मी विचारलंच नाही. जुन्या कव्हरवर गायकाचं नावच नव्हतं. मामांचं नाव मी छापलं.

१६ नोव्हेंबर

दुकानदाराचा फोन. एका गिऱ्हाइकानं चुकून रेकॉर्ड मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगावर लावली. "तूही लाव," म्हणाला. "पण आधी खाली बस."

मोठी रेकॉर्ड म्हणजे तेहेतीसचा संथ वेगच, असं मी धरून चाललो होतो. सोललेल्या लेबलवर कुठला वेग लिहिला होता, कोण जाणे! पंचेचाळीसवर मेंडोलिन एकदम मेंडोलिनसारखं वाजलं. गुहा गेली, धुकं गेलं. आणि एक बाई गायला लागली. तरुण, खणखणीत, मधेच हसू दाबणारी. ते दाबलेलं हसू मी लहानपणापासून ओळखतो.

कव्हरच्या मागे माझा लेख आहे. 'काळ वितळवून टाकणारा पुरुषी स्वर.' धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं!

१७ नोव्हेंबर

प्लेअर उचलून मामीकडे गेलो. पंचेचाळीसवर लावली. मामा खुर्चीतून उठलेच — "ही! हीच ती!"

मी माइक मामीसमोर ठेवला, बटण दाबलं. माफी मागायची होती, तर माइकची वायरच सरळ करत बसलो. मामीनं ओले हात पुसले. माइककडे बघितलं.

"रेकॉर्डिंग चालू आहे ना?" म्हणाली. "मग आता बोलू का मी?"