स्टील गार का लागतं

सोमवार, २० जानेवारी २०२५

हात खोटं सांगतो का?

सातवीतल्या मनवानं आज वर्गात विचारलं. उत्तर शोधायचंय.

उष्णतेचे सुवाहक आणि दुर्वाहक शिकवत होते. टेबलावर सकाळपासून तीन वस्तू ठेवलेल्या — स्टीलची पट्टी, लाकडी डस्टर, थर्माकोलचं झाकण. डोळे मिटून हात लावा, सगळ्यांत गार कोणती? सगळे ओरडले — पट्टी! मग तापमापी लावून दाखवली. तिन्हींचं तापमान एकच! म्हटलं, स्टील काही जास्त गार नाहीये. ते तुमच्या हातातली उष्णता भराभर ओढून घेतं, म्हणून गार लागतं. थर्माकोल घेत नाही, म्हणून उबदार वाटतो.

मागच्या बाकावरून आवाज — "बाई, पण झाकणाला बोंबलाचा वास येतोय!" हशा. येणारच. आई बाजारात मासळी विकते, तिच्या बर्फाच्या पेटीचं झाकण ते. साबणानं घासून नेलं होतं तरी! मीही हसले. तेवढ्यात मनवानं तो प्रश्न टाकला आणि घंटा झाली.

शाळेत मी 'आई' म्हणते, घरी 'आय'. इथे कोणता शब्द लिहायचा? 'आई' लिहितेय. कुणी वाचणार नाही, तरी.

मंगळवार, २१ जानेवारी

दादरच्या हॉस्टेलमधून फोन. नोकरी करणाऱ्या मुलींचं हॉस्टेल. एक खाट रिकामी झालीय, शनिवारपर्यंत कळवा म्हणाल्या. तिथून आमच्या भोईवाड्याच्या शाळेत चालत जाता येईल.

शीव कोळीवाडा सोडायचा म्हणून रडू येईल असं वाटलं होतं. नाही आलं.

बाबा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. बोलतो किती? "जेवलीस?" "हो." संपलं. मी पदवीधर झाले, घरातली पहिली, तेव्हा आईनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. आणि नोकरी लागल्यापासून मला हात लावणंच सोडलं! माझ्या साड्यांना वेगळं कपाट. माझ्या डब्याला वेगळी फळी. जवळ गेले की — "सरक गो, इस्तरी मोडंल." घरात पाहुणी असल्यासारखी राहते मी.

शाळेत निदान माणसं हसून बोलतात. नूपुरबाई तर रोज म्हणतात, "किती गोड दिसतेस गं!"

हो कळवायचं. ठरलं.

बुधवार, २२ जानेवारी

दिवसभर शिकवलं. घरी येऊन वह्या तपासल्या.

गुरुवार, २३ जानेवारी

ताप आलाय. तरी लिहिते.

सकाळपासून कणकण होती. मधल्या सुट्टीत टेबलावर डोकं टेकून बसले. नूपुरबाई समोरच डबा खात होत्या. "अगं, काळजी घे हं स्वतःची!" आणि मग लगेच मेथी कुठे स्वस्त मिळते ते. वाईट नाहीत त्या. चांगल्याच आहेत, उबदार —

थर्माकोल!

नाही, असं लिहू नये कुणाबद्दल. पण खोडणार नाही.

घरी येऊन पडले. दुपारी आई बाजारातून आली. "अगो, काय झाला?" हात पुढे केला, थांबली, पदराला खसाखसा पुसला, मग माझ्या कपाळावर ठेवला. गार! बर्फच जणू! मी दचकले. तिनं चटकन मागे घेतला.

"मना कलत नाय गो ताप. बर्फात हात मेलेत माजे. सगला गरमच लागतय."

मग वाकली आणि गाल टेकवला माझ्या कपाळाला. लहानपणी टेकवायची तसा. किती वर्षांनी!

"तापलीस बाय."

गाल काढला नाही. तशीच राहून म्हणाली, "त्या दादरच्या खोलीत जा तू. फोनवर बोललीस ना, मी आयकला. तिथं कपड्यांना वास नाय लागनार. मी म्हनून तर लांब ऱ्हाते. सवय होवदे दोघींना."

सवय! म्हणजे इतके दिवस ती सवय करत होती. आणि मला वाटलं, माया आटली.

ती भात टाकायला उठली. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

शुक्रवार, २४ जानेवारी

ताप उतरला. मनवासाठी अर्धंच उत्तर सापडलंय. हात खोटं सांगत नाही. तो एवढंच सांगतो — इथे आपलं काहीतरी जातंय. 'गार' हे नाव आपण देतो.

मग जे गार लागतं तेच आपलं काही घेतं. ज्याला हात लावून काहीच वाटत नाही, ते घेतही नाही, देतही नाही.

हे परीक्षेत लिहिलं तर मार्क मिळणार नाहीत!

शनिवार, २५ जानेवारी

सकाळीच हॉस्टेलला फोन केला. खाट दुसऱ्या मुलीला द्या, म्हटलं.

आय बाजारातून आली. पेटी खाली ठेवली. मी इस्तरीची साडी नेसूनच बसले होते. उठले आणि तिचे दोन्ही हात धरले.

"सोड गो, वास लागंल!"

सोडले नाहीत. दोघींचे सारखे होईपर्यंत.