आठ बार माझे

७ मार्च १९३८, सोमवार
केस कापायला टाइन्सच्या दुकानात गेलो आणि डोकं फिरवून घेऊन आलो. म्हणतो, थॅड, शनिवारी रेडिओवर तुमचा बँड ऐकला. ट्रम्पेट ऐकला, सॅक्सोफोन ऐकला, तुमच्या म्होरक्या ग्रँडिसनचा पियानो ऐकला. तू कुठे होतास राजा? म्हटलं, पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत गिटार वाजवत होतो. तर म्हणे, असशील बाबा, माझी बायकोही म्हणते की ती माझ्याशी गोडच बोलते, मलाच ऐकू येत नाही. सगळं दुकान हसलं. तोंडाला साबण फासलेलं गिऱ्हाईकसुद्धा हसलं.
तसाच उठलो. एका बाजूचे केस कापायचे राहिलेत. राहू देत.

संध्याकाळी
यात माझा काय दोष? गाण्याच्या एका बारला, म्हणजे आवर्तनाला, चार ठोके, की पुढचा बार, परत चार ठोके. झिंग, झिंग, झिंग, झिंग. आमचा कार्यक्रम नाचाच्या हॉलातूनच रेडिओवर जातो. पुढे ड्यूई सॅक्सोफोन घेऊन उभा राहतो, पोरी किंचाळतात. अख्ख्या कॅन्सस सिटीत माझ्यासारखी बोटं कुणाची नाहीत, आणि मी मागे खुर्चीत.
ठरलं. मला सोलो पाहिजे, माझा एकट्याचा. मायक्रोफोनसमोर, उभं राहून.

८ मार्च
आईमुळे जास्त लागतं. हिवाळ्यापासून ती आमच्याकडे आहे. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसून टाळ्यांवर अख्खी मंडळी पेलते, इतका तिचा ताल पक्का. शनिवारी आमचा कार्यक्रम लागला की ती स्वयंपाकघरात रेडिओशेजारी भांडी घासत असते. माझ्या वाजवण्याबद्दल आजवर एक अक्षर बोललेली नाही. काय बोलणार? ऐकूच येत नसेल. चर्चमधल्या बायका विचारतात, तुमचा मुलगा त्यातला कोणता? बिचारी काय सांगत असेल कोण जाणे.
एकदा तिने मला ऐकलंच पाहिजे. बाकी जग गेलं उडत.

९ मार्च, बुधवार
संप केला. गुप्त संप. तालमीत हात नेहमीसारखा हलवला, पण तारांना लावलाच नाही. म्हटलं बघू, कुणाला कळतं का.
कुणालाही कळलं नाही! उलट आज सगळ्यांचंच काहीतरी बिनसलं होतं. ट्रम्पेटवाले एकमेकांना तुडवत होते, बासवाला घामाघूम. ग्रँडिसन ढोलवाल्या लेव्हीवर ओरडला, की झोपलास का रे मेल्या? लेव्ही म्हणाला, पायाखालची फळी कुणीतरी काढून घेतल्यासारखं वाटतंय. काल जास्त झाली असणार त्याला. मी मान खाली घालून बसलो. माझा काय संबंध?

१० मार्च
ग्रँडिसनला तोंडावर सांगितलं, सोलो दे, नाहीतर शिकागोला चाललो. शिकागोत माझं कोणी नाही, पण त्याला काय माहीत. त्याने चिरूट दाताखाली धरला. मग म्हणाला, १९ तारखेला रेडिओवर आठ बार घे. पण थॅड, तू पुढे आलास की मागे ठोका कोण देणार? म्हटलं, पियानो आहे, बास आहे, ढोल आहे, सगळे काय माशा मारायला बसलेत? त्यावर तो नुसता हसला. माझ्या बाणेदारपणापुढे बोलती बंद झाली!
आजपासून रोज सहा तास रियाज. डुकराच्या बरगड्या बंद, बोटं ओशट होतात.

१२ मार्च, शनिवार
रियाज नाही. व्हरलीनने बरगड्या केल्या होत्या. बायकोचं मन मोडणं माझ्या स्वभावात नाही.

१४ मार्च
सोलो तयार. इतके सूर आहेत की आठ बारांत मावत नाहीत, कोंबावे लागतात. व्हरलीनला ऐकवला. म्हणाली, जिन्यावरून बटाट्याचं पोतं सांडल्यासारखं वाटतं. आवडलंय तिला, फक्त बोलायची पद्धत तशी आहे. वरच्या मजल्यावरचे पाय आपटत होते. ते मात्र अगदी ठेक्यात.
आई म्हणाली, बाळा, हे कोणाचं आहे? अभिमानाने म्हटलं, माझं! ती घेवडा निवडत राहिली.

१७ मार्च
लेव्हीने जिन्यात गाठलं. म्हणतो, थॅड, पाया पडतो, त्या आठ बारांत मला एकट्याला टाकून जाऊ नकोस. एवढा मोठा घोडा, डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मत्सर माणसाला कुठल्या थराला नेतो! मी गंभीरपणे म्हटलं, कधीतरी प्रत्येकाने आपापल्या पायावर उभं राहावं.

१९ मार्च, शनिवार, दुपार
टाइन्सला जाऊन सांगून आलो, रात्री रेडिओ लाव, तिसरं गाणं. राहिलेले केसही कापून घेतले. आईला सांगितलं, आज भांडी राहू दे, नुसतं ऐक. म्हणाली, हात रिकामे असले की मला ऐकू येत नाही. म्हातारी हट्टी आहे. माझ्यात तो गुण कुठून आला, देव जाणे.

२० मार्च, रविवार, सकाळ
वाजवलं! एकही सूर सोडला नाही. दोन-चार जास्तच घातले.
बाकीच्यांनी मात्र घात केला. मी खुर्चीतून उठून मायक्रोफोनपाशी पोचलो तोवर लेव्हीचा ढोल धावत सुटला होता, बासवाला मागे रखडला होता आणि ग्रँडिसन दोघांना पियानोवरून हाका मारत होता. नाचणाऱ्यांना नेमकी तेव्हाच तहान लागली. जोड्या सुटल्या. एक बाई एक पाय उचलून तशीच उभी, कुठे ठेवावा कळेना. माझ्या सोलोने थक्क झाली असणार.
खुर्चीत परत बसलो आणि दोन बारांत सगळं पुन्हा सुरळीत चालू झालं. म्हणजे यांना येतं, मुद्दाम केलं. शिकागोचा विचार आता गंभीरपणे करायला हवा.

दुपार
चर्चच्या दारात टाइन्स भेटला. म्हटलं, ऐकलंस? म्हणाला, ऐकलं. आठच होते ना रे? ही न्हाव्याची अक्कल.

त्यानंतर
जेवताना न राहवून आईला विचारलं, काल कसं वाटलं? तिने काटा खाली ठेवला. म्हणाली, दर शनिवारी तुझ्या गिटारवर माझी भांडी होतात. तुतारीवाले वर काय दंगा करायचा तो करतात, खाली तू चालत असतोस. चर्चमधल्या बायकांना मी सांगते, बाकीचे वाजवतात, माझा मुलगा त्यांना धरून ठेवतो. काल मध्येच तू थांबलास. माझे हात पाण्यात तसेच राहिले. घाबरलेच मी. बरं नव्हतं का तुला? आणि तेवढ्यात तो टिंगटिंग करणारा कोण घुसला होता?
व्हरलीन ताटात बघत होती. म्हटलं, आई, काल रेडिओतच काहीतरी बिघाड झाला होता.
म्हणाली, रेडिओ ठीक होता. तूच नव्हतास.