चूक समुद्राची

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या कागदावरच.) आपला रक्तदाब, वहिनींचे गुडघे आणि आठ दिवसांपासून आपल्याकडे ठाण मांडून बसलेली आपली धाकटी बहीण, म्हणजे माझी पत्नी, सगळं ठीक असेल अशी आशा आहे. पैकी तिसरीची तब्येत उत्तमच असणार. माझं रक्त आटवून झालं की ती नेहमीच टवटवीत दिसते.

माझ्या हस्ताक्षरात 'माझं चुकलं' आल्याशिवाय घरात पाऊल ठेवणार नाही, असं सांगून ती गेली आहे. आपल्याला तिने एकच बाजू ऐकवली असेल. म्हणून सगळा प्रकार सविस्तर लिहितो, चूक कोणाची ते आपणच ठरवा.

समुद्रकाठच्या रस्त्याने तीन दिवस गाडीतून भटकायचं आणि आवडेल तिथे तंबू ठोकायचा, ही कल्पना तिची. तंबू आपल्याकडून मागून आणलेला. (त्याच्याकडे नंतर येतो.) गाडीत आम्ही दोघं, मुलगी आणि मागे पाय पसरून माझी आई. रस्ता फार देखणा होता म्हणे. मला दिसला नाही, कारण दर दोन वळणांनी मुलीला फोटो काढायचा असे, आईला उतरायचं असे आणि हिला माझ्या गाडी चालवण्यावर बोलायचं असे.

पहिल्या मुक्कामाला उतरलो. मी बत्तीस वर्षं जमिनी मोजलेला माणूस. वाकड्या जागेवर मी ताटसुद्धा ठेवत नाही, तिथे आईला झोपवणार कसा? सपाटी तपासायची पाणसळ खिशातच होती. वर झाडांखाली ठेवली, बुडबुडा डावीकडे. गवतावर ठेवली, उजवीकडे. बाकीची मंडळी सामान घेऊन तोंडं पाडून माझ्या मागे फिरत होती. (मदत म्हणून कोणी पाणसळीकडे बघितलंही नाही.) दीड तासाने खाली वाळूत अशी जागा सापडली की बुडबुडा मधोमध येऊन गप्प बसला. इतकी सपाट जमीन मी उभ्या नोकरीत पाहिली नव्हती.

तेवढ्यात आपली बहीण म्हणाली, "अहो, वर ती काळपट रेघ दिसतेय ना, तो पाण्याचा डाग आहे. पाणी तिथवर येतं." दादा, ही बाई लाँड्री चालवते. तिला जगात डागच दिसतात. मी सगळ्यांसमोर (म्हणजे आई, मुलगी आणि शिंपले विकणारी एक बाई) सांगितलं, की डाग तू बघ, जमीन मी बघतो. यात काय वावगं बोललो?

चार वाजता चहा उकळत असताना समुद्र आला. न सांगता. आधी स्टोव्ह विझला, मग आईच्या खुर्चीखालून तिच्या चपला निघून गेल्या. हिने आईला एकटीने पाठीवर घेऊन वर नेलं, मुलीने सामान ओढलं. मी तंबू धरून ठेवला होता, आपली वस्तू म्हणून. कमरेइतक्या पाण्यात उभा राहून मी एवढंच म्हणालो, की जागा बरोबर आहे, चूक समुद्राची आहे. मुलगी हसली, शिंपलेवाली हसली, वरून आईसुद्धा हसली. ही हसली नाही. ती माझ्याकडे पाठ करून आईचे पाय पुसत होती, वारा लागू नये म्हणून असणार.

अशा वेळी माफी कोणी कोणाची मागायची? तिला चार शब्द समजावून पाठवून द्या. मी अजिबात वाट बघत नाही.

आपला संतप्त,
मेहुणा

ता.क. तंबूच्या बाराही मेखा शाबूत आहेत, त्या परत करीन. तंबू धरून ठेवला होता असं वर लिहिलंय, ते सुरुवातीपुरतं खरं आहे.

ता.क. २. आपल्याकडे आलेली पत्रं हल्ली आधी कोण फोडतं ते मला माहीत आहे. तेव्हा दादा, पुढचं आपण वाचू नये.

ऐक. काल एकटाच तिथे परत गेलो होतो. भरती होईपर्यंत थांबलो. पाणी बरोबर तुझ्या डागापर्यंत आलं. आईची खुर्ची होती तिथे उतरून बघितलं, माझ्या छातीला लागलं. वाळू सपाट होती, कारण समुद्र ती रोज सपाट करतो. एवढं मला कळायला हवं होतं.

माझं चुकलं.

अक्षर जरा वाकडं आलंय. टेबल सपाट आहे, मी तपासलं.