गाडीवरचे दोन तुटके चार

प्रिय आबा,

तुम्हाला जाऊन चौदा महिने झाले आणि आज मी पहिल्यांदा लिहितेय, तेही भांडायला. उद्या सोमवारी पुण्याचे ते जुन्या गाड्या जमवणारे साहेब एका कागदावर माझी सही घ्यायला येणार आहेत. सही करावी की नाही, तेच मला समजत नाही. तुम्ही असतात तर तुम्हालाच विचारलं असतं.

भर दुपारी शेडमध्ये स्टुलावर बसलेय. आपल्या हिरव्या गाडीचं बॉनेट उघडं आहे. लेण्यांकडे निघालेली माणसं नेहमीसारखी दारात थांबून फोटो काढताहेत. तुम्ही त्यांना कसे ऐटीत सांगायचात, "अमेरिकेची हाय, पन्नास वर्सांची. पन येक बोल्टबी बदललेला न्हाई!" मीही हेच ऐकत मोठी झाले आणि कंपनीत दहा जणांना हेच सांगितलं.

लोणावळ्याच्या बंगल्यावर तुम्ही तीस वर्षं या गाडीचे मेस्त्री होतात. बंगल्याचे साहेब थकून मुलांकडे परदेशी निघाले, तेव्हा गाडी तुम्हाला देऊन गेले. आता पुण्याचे साहेब ती त्यांच्या संग्रहालयात ठेवणार आहेत. समोर पाटी असेल : 'बबन मेस्त्री, भाजे, यांनी मूळ रूपात राखलेली गाडी'. आईने ती पाटी अजून लागायच्या आत अख्ख्या आळीला वाचून दाखवलीय!

गेल्या रविवारी त्यांचा पारखी माणूस आला होता. आबा, तुम्हाला आवडला असता तो. काचेच्या कोपऱ्यातल्या खुणा, कार्बोरेटरवरचा पत्रा, सगळं बॅटरी लावून वाचत होता. गाडी ज्या महिन्यात तयार झाली त्याच्या आधीच तिचा प्रत्येक भाग तयार झालेला असला पाहिजे, हा त्याचा सगळा हिशेब. शेवटी त्याने इंजिनावर ठोकलेला नंबर गाडीच्या नंबराशी ताडून पाहिला. "जुळला! इंजिन मूळचंच आहे," म्हणाला. इंजिनाच्या ब्लॉकवर, म्हणजे त्याच्या ओतीव सांगाड्यावर, मागच्या अंगाला ओतकामाची तारीख असते, पण तिथे नजर पोचत नव्हती. त्याने ती सोडून दिली.

मी मात्र त्या नंबराकडे बघतच राहिले. त्यात चाराचे दोन आकडे होते, आणि दोन्ही चारांचा पाय तुटका.

तो तुटका चार मी रोज बघते. सुदुंबऱ्याच्या कंपनीत मी लागले, तेव्हा कॅन्टीनमध्ये डबे बदलतात म्हणून तुम्ही माझ्या डब्याच्या झाकणावर माझा हजेरी नंबर ठोकून दिला होता. धातूवर आकडे ठोकायच्या तुमच्या त्या पंचांच्या पेटीतला चाराचा पंच टोकाला टवका गेलेला. "नवा घ्या की," मी म्हणाले होते. "चालतंय की, वळखू येतो," असं म्हणाला होतात. आला ओळखू, आबा!

तरी वाटलं, माझीच काहीतरी चूक होत असेल. माझं कामच ओतलेल्या भागांवरच्या तारखा तपासायचं. कंपनीतला दांड्याचा आरसा आणला, मागे घातला, अर्धा तास चिंधीने घासलं. तारीख निघाली. गाडी आधीची आणि इंजिन सात महिने नंतरचं. तीनदा वाचलं. असा भाग माझ्या टेबलावर आला असता तर मी लाल खडूने फुली मारून बाजूला ठेवला असता.

आईला विचारलं. ती म्हणाली, "मला काय म्हाईत? त्यो गाडीशी बोलायचा तेवढा माझ्याशी कवा बोलला!" मग मी लोणावळ्याला इस्माईलचाचांकडे गेले. बंगल्याशेजारीच त्यांचं लेथ मशीन होतं, त्यांना माहीत असणारच. त्यांनी आधी चहा मागवला.

"तू चौथीत व्हतीस," ते म्हणाले. "सायेब तीन महिनं परदेशात गेलते. तुज्या बापानं गाडी घाटात काढली नि इंजिनातलं पानी बघायचं इसरला. ब्लॉक तडकला. लय रडला गं. मुंबईच्या जुन्या बाजारातनं दुसरा ब्लॉक आमी दोघांनी आनला, त्याच्यावरचा नंबर घासला नि हिचा ठोकला."

"आणि साहेबांना कळलंच नाही?"

"आता काय सांगू? आल्याबरूबर त्यांनी बॉनेट उघडलं, नंबरावरनं बोट फिरवलं. बोलले, 'बबन, काम साफ केलंयस.' बास. पुन्हा कवा ईषय न्हाई."

कुठलं काम, आबा? त्यांच्या लेखी तर काहीच झालं नव्हतं! म्हणजे त्यांना कळलं होतं का? कळूनही गाडी तुम्हालाच दिली? आणि त्यांना कळलंय हे तुम्हाला कळलं होतं, तर मग इतकी वर्षं तो बोल्टचा मंत्र कुणाला ऐकवत होतात? पर्यटकांना, आम्हाला, की स्वतःला? एकदा वाटतं तुम्ही खोटारडे, एकदा वाटतं बिचारे. मला तुमचा रागही धड येत नाही.

आणि चौथी म्हणाल तर चौथीतच मी प्रगतिपुस्तकात अकराचे एक्केचाळीस केले होते. आठवतं? तुम्ही मारलं नाहीत. सकाळी हाताला धरून शाळेत नेलंत आणि बाईंसमोर उभं करून म्हणालात, "सांग." मी रडत रडत सांगितलं. मी एकाचा चार केला म्हणून मला शाळेत नेणाऱ्या माणसाने तेव्हा इंजिनावर चार ठोकून झाले होते की ठोकायचे होते? हे इस्माईलचाचांनाही आठवत नाही. आता कोण सांगणार?

'सगळे भाग मूळचेच' असं छापलेल्या त्या कागदावर गप्प बसून सही केली तर कुणाला काही कळणार नाही. पाटी लागेल, आई नवं लुगडं नेसून बघायला जाईल. मला तिच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून आज जेवताना सगळं सांगून टाकलं. तिने भाकरीचा तुकडा तसाच हातात धरला. मग म्हणाली, "त्यांनी न्हाई लावली पाटी तर ऱ्हाऊ दे. आपुन हितंच लावू." आणि उठून तुमची पंचांची पेटी माझ्यासमोर आणून ठेवली.

तर आबा, ठरलं. मला अजून सगळा उलगडा झालेला नाही, बहुतेक होणारही नाही. पण उद्या त्या कागदावर मी लिहिणार : इंजिन मूळचं नाही. नंबर बबन मेस्त्री, भाजे, यांनी ठोकला. त्यांनी गाडी नेली तर नेली, नाही तर शेडच्या दारावर तुमच्या नावाचा पत्रा मीच ठोकीन, तुमच्याच पंचांनी.

त्या दिवशी शाळेतून परतताना तुम्ही माझे डोळे पुसलेत आणि म्हणालात, "आता झोप लागंल तुला." खोटं लपवणाऱ्याला रात्री झोप लागत नसते, हे तुम्हाला कसं ठाऊक, असं मी तेव्हा विचारलं नाही. उद्या तुमचा हात धरून मी तुम्हालाच बाईंसमोर उभं करतेय असं समजा. आता झोप लागंल, आबा.

तुमचीच,
डब्यावर तुटका चार मिरवणारी
सुमन