तिसरं कडवं

धुळे, ५ डिसेंबर २०२४

ती. अक्कास समाधानचा सा. न. वि. वि.

शेजारच्या मंदाबाई माझा मोबाइल कानाला धरून तुझा पाळणा तिसऱ्यांदा ऐकत आहेत. तो परत मिळेपर्यंत हे पत्र लिहून होईल. फोन केला असता. पण मागच्या वेळी तू मला वीज मंडळाचा माणूस समजून बिलाबद्दल रागावलीस, म्हणून पत्रच बरं.

मंदाबाईंच्या मुलीने, दिपमालाने, व्हॉट्सॲपवर एक गट काढला आहे. नाताळपर्यंत प्रत्येकाने आपल्या आवडीचं एखादं नाताळचं किंवा उपासनेतलं गीत पाठवायचं, आणि ते कोणाकडून शिकलो ते दोन ओळींत लिहायचं. नंदुरबारचे लोक आहेत, नगरचे आहेत, एक जण कॅनडातून पेटीवर वाजवून पाठवतो. मी शेजारी म्हणून आत आहे. नुसतं ऐकत राहण्याची लाज वाटली. माझा आवाज तुला माहीत आहे. म्हणून तुझ्या नातवाच्या, पियुषच्या, थोरल्याच्या बारशाला भरून घेतलेला तुझा पाळणा पाठवला. खाली लिहिलं, की हा कृष्णाचा आहे, पण गोठा, गव्हाण आणि गुराखी यात आहेत, चालत असेल तर ठेवा. तुझं नाव आणि गावही लिहिलं.

पंधरा मिनिटांत मंदाबाई काठी टेकत आल्या. हा पाळणा त्यांच्या आईने रचलेला आहे, असं त्या म्हणतात. आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. पाळणा कोणत्याही पुस्तकात नाही. मंदाबाईंना दोनच कडवी येतात, तू म्हटलीस तीच. तिसरं होतं एवढं आठवतं, शब्द गेले. त्यांचं वय चौऱ्याऐंशी. चोवीस तारखेला संध्याकाळी गटातले सगळे मिळून गाणार आहेत, तोवर तिसरं मिळालं तर बरं होईल, असं त्या हळूच म्हणाल्या.

आपल्या घरात हा पाळणा आला कसा? आणि तिसरं कडवं तुला येतं का?

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा,
समाधान


बोदवड, १३ डिसेंबर २०२४

चि. समाधान यास अक्काचे अ. आ.

परवा पहाटे भाविकाला मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत. पियुष पेढे वाटत फिरतो आहे, जणू बाळंतपण त्याचंच झालं. बारसं बावीस तारखेला, रविवारी.

पाळणा घरात तुझ्यामुळे आला. तू शिंदखेड्याकडच्या मिशनच्या दवाखान्यात झालास. मी सात वर्षांची होते, आईच्या खाटेखाली निजायचे. आई तीन दिवस शुद्धीवर नव्हती. येणारे तुला बघायचे, मुलगा झाला म्हणायचे आणि जायचे. ती नर्स तेवढी आईपाशी बसून राहायची. ती हा पाळणा म्हणायची, तिन्ही कडवी. मला तो तिथेच पाठ झाला.

घरी आल्यावर मी तो म्हटला. आजीने विचारलं, तेव्हा आईने कृष्णाचा म्हणून सांगितलं. गुराखी ऐकून सगळ्यांना पटलं. पण तिसऱ्या कडव्यात मरियमचं नाव येतं. आईने मला बाजूला घेऊन बजावलं, की पाळणा बठ्ठा म्हणायचा नाही, तिसरं गाळून दोनच कडवी म्हणायची. मी शब्द दिला. म्हणजे पाळणा कृष्णाचा नाही हे मला ठाऊक होतं, तुम्हा कोणाला नव्हतं. गल्लीतली चाळीस-पन्नास पोरं मी दोन कडव्यांवर निजवली.

आता तुझा पराक्रम ऐक. तो पाळणा फिरत फिरत एरंडोलला झुलालभाऊंच्या मोबाइलवर गेला, खाली माझं नाव आणि हा मिशनमधला पाळणा म्हणून लोकांनी लिहिलेलं सगळं. भाविकाचे वडील ते. मुलगी झाल्याचं कळवायला प्रेमराजने फोन केला, तर त्यांनी विचारलं, की तुमच्याकडे बारशाला कोणता पाळणा म्हणतात. प्रेमराज माझा मुलगा असला तरी व्याह्यांसमोर त्याची मान लगेच खाली जाते. त्याने मला कॅलेंडरच्या पानामागे लिहून दिलं, की या वेळी मोबाइलवरचा पाळणा लावू. या गल्लीत माझ्याशिवाय पाळणा हलला नाही. आता मला ऐकू न येणाऱ्या मोबाइलशेजारी बसायचं आहे.

तिसरं कडवं पाठवत नाही. आईला दिलेला शब्द आहे.

तुझ्या घरी सगळ्यांना आशीर्वाद. माया आहे तेवढीच आहे, वाढवायची की नाही ते नंतर बघू.

अक्का


धुळे, १७ डिसेंबर २०२४

ती. अक्कास समाधानचा सा. न. वि. वि.

चूक माझी. तुला विचारायला हवं होतं. दिपमालाने गटातून पाळणा काढला, पण जो बाहेर गेला तो गेला. बारशाला येऊन प्रेमराजशी बोललो असतो. गुडघा धुळ्याच्या बसस्टँडपर्यंतही जाऊ देत नाही.

तुझं पत्र मंदाबाईंना वाचून दाखवलं. शब्द दिला असेल तर मागू नको, असं त्यांनी मला सांगितलं. गटाला त्यांनी दुसरं गीत सुचवलं आहे. मात्र एक गोष्ट तुला कळवायला सांगितली. त्यांच्या आईची चारही बाळंतपणं त्याच दवाखान्यात झाली, आणि प्रत्येक वेळी बाराव्या दिवशी ती कामावर हजर होती. पहिली दोन कडवी ती पाळण्याकडे बघून म्हणायची. तिसऱ्याला पाळण्याकडे पाठ करायची आणि खाटेकडे वळायची. शब्द विसरल्या, तरी ते वळणं त्यांना आठवतं.

आणखी काही मागत नाही. मुलीचं नाव काय ठेवता ते कळव, आणि मला वगळू नकोस.

तुझा,
समाधान


बोदवड, २३ डिसेंबर २०२४

चि. समाधान यास अक्काचे अ. आ.

कडव्याच्या कागदाचा फोटो पियुषने तुला काल पाठवला, म्हणजे उद्या गटाला गाता येईल. हे पत्र मागाहून येईल.

तुझं पत्र आल्यावर मी तीन दिवस भाविकाकडे बघत होते. येणारी प्रत्येक बाई बाळाचं नाक कोणावर गेलं ते सांगायची. भाविका ताट मांडीवर घेऊन बसल्या बसल्या निजायची, आणि कोणी आलं की जागी व्हायची.

काल बाळाला पाळण्यात घातलं. प्रेमराजने मोबाइल काढला. मी त्याला सगळ्यांसमोर सांगितलं, की पाळणा मी म्हणणार, आणि पूर्ण म्हणणार. नंतर कोणी फसवलं म्हणू नये म्हणून तिसरं कडवं आधी बोलून दाखवलं.

थकली मरियम, जागते फार,
तिलाही कोणी निजवा गं;
बाळाला बघतं घरदार,
उशाचा दिवा मालवा गं.

मरियम कोण, असं झुलालभाऊंनी विचारलं. त्यांच्या पत्नी ज्योतीबाईंनी ते मला कागदावर लिहून दिलं. बाळंतीण, एवढंच मी सांगितलं. झुलालभाऊ आपल्या लेकीकडे बघत राहिले. प्रेमराजने मोबाइल खिशात ठेवला.

मी म्हटला. दोन कडव्यांना बायकांचे ओठ हलत होते. तिसऱ्याला थांबले, तेव्हा मी भाविकाकडे वळले होते. आवाज कसा लागला ते मला कळलं नाही. आईला दिलेला शब्द मोडला. तिचं माझं मी बघून घेईन.

मुलीचं नाव सई ठेवलं. मंदाबाईंना माझा नमस्कार सांग. त्यांची माझी ओळख नाही, तरी लोभ असावा असं वाटतं. तुझ्यावर आहेच.

अक्का

ता. क. आज सकाळी भाविका नऊ वाजेपर्यंत निजली. तिला कोणी उठवलं नाही. दूधवाला घंटी वाजवायला गेला, तेव्हा प्रेमराजने हात वर करून त्याला रस्त्यातच थांबवलं आणि पातेलं घेऊन स्वतः तिथे गेला.